खोकल्याआधीचा श्वास

आमच्या भावजींना अख्खी गल्ली 'हॅलो' म्हणायची. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. धंदा माइक आणि भोंग्यांचा. कुठेही सभा असली की हे आधी जाऊन माइकसमोर उभे राहणार, 'हॅलो, हॅलो' करणार आणि बाजूला होणार. मग मोठी माणसं येऊन बोलणार. त्या मोठ्या माणसांतला एक बोलता बोलता देशाचा पंतप्रधान झाला. भावजी हॅलोच राहिले. ताई म्हणायची, "कुणीतरी हॅलो म्हणायला नको का?" तिचं सगळंच असं असायचं. तिला कशाचं काही वाटायचं नाही, निदान दाखवायची तरी नाही.

मी पडदे शिवते. एका कापडाच्या दुकानामागे खोली आहे, तिथे माझं शिलाई मशीन. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि ताईचं घर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य तिच्याच स्वयंपाकघरात गेलं. भावजींच्या भोंग्यांच्या खोळी मीच शिवायची. देशाच्या राजकारणात माझा हात एवढाच.

ते पंतप्रधान, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, सुरुवातीला शाळेत मास्तर होते. अंगात साधा शर्ट, खिशाला खडूचे डाग, आणि छातीत खोकला. खोकला म्हणजे नुसतं खाकरणं नव्हे. एकदा सुरू झाला की माणूस वाकून जायचा, चेहरा लाल व्हायचा. ते पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा भावजींच्या दुकानातून आवाजाचं एक मशीन आणि चार भोंगे भाड्याने घेऊन गेले. शेवटच्या मोठ्या सभेत ऐन रंगात आलेले असताना त्यांना खोकला लागला. चार दिशांना चार भोंगे. सगळ्या मैदानाने तो खोकला शेवटपर्यंत ऐकला.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर समोरच्या पक्षाचा उमेदवार आला. त्याने माइक हातात घेतला, दोनदा खोकला, आणि म्हणाला, "क्षमा करा, मास्तरांचा माइक आहे." लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. मग काय, साहेब रस्त्याने निघाले की पोरं मागून खोकायची. पानाच्या टपरीवरची मोठी माणसंही खोकायची. साहेब पडले. सपशेल आपटले.

भोंगे परत करायला ते स्वतः आले होते. ताई तेव्हा नवी नवरी, दुकानामागेच राहायची, तिने चहा दिला. साहेब खोक्यावर बसून म्हणाले, "मी काय बोललो ते एकाच्याही लक्षात नाही. खोकला तेवढा राहिला."

भावजी वायरची गुंडाळी करत होते. मान वर न करता म्हणाले, "तुम्ही खोकायच्या आधी श्वास आत घेता ना साहेब, तो वेगळा असतो. बोलायचा श्वास वेगळा, खोकल्याचा वेगळा. मला ऐकू येतो तो."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या वेळी मी आवाजाच्या बटणावर अंगठा ठेवून बसेन. श्वास आला की बटण खाली. तुम्ही मनसोक्त खोका. झालं की वर."

एवढंच. पुढे साहेबांवर मोठमोठी पुस्तकं निघाली, त्यांत हे कुठेही नाही.

पण ते जमलं. साहेब खोकायचे तेव्हा मान खाली घालायचे, चष्मा काढायचे, रुमाल तोंडाकडे न्यायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, माणूस विचारात पडला. भोंग्यातून काहीच यायचं नाही. हजारो माणसं गप्प बसून वाट बघायची. मग आवाज परत यायचा आणि पुढचं वाक्य असं पडायचं की टाळ्याच टाळ्या. वर्तमानपत्रवाल्यांनी लिहिलं, हा नेता तोलूनमापून बोलतो, शब्दापेक्षा याची शांतता बोलते. शाळांमधून वक्तृत्वाच्या स्पर्धेत पोरं साहेबांसारखी मध्येच थांबायला लागली. चष्मा नसलेली पोरंसुद्धा चष्मा काढल्यासारखा हात करायची. ताई आणि मी हसून बेजार व्हायचो. भावजी हसायचे नाहीत. त्यांना आपल्या कामाची चेष्टा खपायची नाही, नाकाचा शेंडा लगेच लाल.

साहेब निवडून आले, मंत्री झाले, पक्षाचे प्रमुख झाले, आणि एक दिवस पंतप्रधान झाले. प्रत्येक पायरीला माइक बदलले, मशिनं बदलली, दोन गाड्या भरून सामान आणि सरकारी माणसं आली. बटणावरचा अंगठा मात्र भावजींचाच. परदेशी पाहुणे असोत नाहीतर पूर आलेली गावं असोत, साहेब व्यासपीठावर चढले की आधी नजरेने शोधायचे, हॅलो कुठे बसलाय. तो दिसला की मगच माइकजवळ जायचे. त्यांच्या मोठ्या डॉक्टरला आणि घरच्या माणसांना खोकला माहीत होता. बटण माहीत होतं फक्त त्या दोघांना आणि आम्हा दोघी बहिणींना. आमच्या तोंडाला कुलूप होतं. आम्हाला विचारणार तरी कोण म्हणा.

या सगळ्याची किंमत काय, तर घरात शांतता. भावजींचे कान म्हणजे आमच्या घरातलं काचेचं भांडं झालं. दौऱ्यावरून आले की त्यांना आवाज सोसायचा नाही. ताईने खुर्च्यांच्या पायांना लावायला माझ्याकडून जाड कापडाच्या टोप्या शिवून घेतल्या. दारांना बिजागरीपाशी तेल. खिडक्यांना दुपदरी पडदे, तेही माझेच. भांडं पडलं तर ताई स्वतःचाच हात चावायची. मी एकदा म्हटलं, "तू घरात राहतेस की चोरी करायला आलीयस?" तर म्हणाली, "अगं, त्यांचे कान आहेत म्हणून देश चाललाय." थट्टाच, पण अर्धी.

साहेबांची शेवटची निवडणूक जवळ आली तेव्हा ताईला खोकला लागला. कोरडा, बारीक. भावजी त्या काळात पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरत होते, कधीतरी एखाद्या रात्रीपुरते घरी यायचे आणि मेल्यासारखे झोपायचे. ताई मला हसत हसत सांगायची, "काल मी झोपेत खोकले ना, तर यांचा अंगठा चादरीवर फिरला. असा. खाली. आणि मी थांबले की वर. डोळे मिटलेलेच." तिने मला अंगठा फिरवून दाखवला. आम्ही दोघी हसलो. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. नंतर मात्र मी त्या अंगठ्याचा फार राग राग केला.

त्यांची झोपमोड नको म्हणून ताई मागच्या गॅलरीत जाऊन खोकायला लागली. ते घरात असले आणि उबळ आली की नळ सोडायची, नाहीतर ओले कपडे झटकायची. बायकांना असली कामं शिकवावी लागत नाहीत. मी तिला डॉक्टरकडे चल म्हटलं. ती म्हणाली, "निवडणूक होऊ दे." मग मी सरळ भावजींनाच सांगितलं. ते एका दुपारी आले होते, खुर्चीत बसून बूट काढत होते.

"भावजी, ताईला खोकला आहे. बरेच दिवस झाले."

ते थबकले. "मला कसा ऐकू आला नाही?"

खरंच चकित झाले होते. त्यांनी ताईला बोलावलं, समोर स्टुलावर पाठमोरी बसवलं, तिच्या पाठीला कान लावला आणि डोळे मिटले. "घे श्वास," म्हणाले. ताईने घेतला. "सोड." सोडला. पुन्हा, पुन्हा. खोली इतकी शांत की मला माझंच गिळणं ऐकू येत होतं. मला ताईचा चेहरा दिसत होता. मानेच्या शिरा ताठ, डोळ्यांत पाणी. उबळ तिने कशी दाबून धरली होती तिचं तिला माहीत. खोकल्याआधीचा तो श्वास तिने घेतलाच नाही. तो कसा असतो हे नवऱ्याकडून ऐकून ऐकून तिला पाठ होतं.

"साफ आहे," भावजी म्हणाले. "काही नाही. असता तर मला कळलं असतं."

"झालं तर मग," ताई उठत म्हणाली. "देशाचे कान साफ म्हणतायत, डॉक्टर आणि काय वेगळं सांगणार?"

विषय संपला. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांचा त्या कानांवर विश्वास. साक्षात हॅलोला ऐकू येत नाही म्हणजे खोकला नाहीच, असं जगात फक्त आमच्याच घरात कुणी मानू शकलं असतं.

साहेब ती निवडणूक हरले. का हरले ते लिहिणारे लिहितात, मला त्यातलं कळत नाही. लोकांना कंटाळा आला असावा. निकालानंतर सरकारी गाड्या परत गेल्या, साहेब एका छोट्या बंगल्यात राहायला गेले, आणि भावजी कायमचे घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सकाळी उठून संध्याकाळपर्यंत घरात. आता ताई नळ तरी किती वेळ सोडणार? एका सकाळी ती भाजी चिरत असताना खोकला सुरू झाला आणि थांबेचना. मी तिथेच होते. भावजी बाहेरच्या खोलीतून आले आणि दारात उभे राहिले. चिरलेल्या भाजीवर रक्ताचे शिंतोडे होते.

डॉक्टरने छातीचा फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "इतके दिवस काय केलंत? घरात कुणाला ऐकू नाही आलं?" साधाच प्रश्न. भावजी त्या फोटोकडेच बघत राहिले.

ताई पुढचा उन्हाळा बघू शकली नाही. ती गेली त्या दिवशी मी रडले नाही. त्यानंतरही नाही. एका हॉटेलच्या पडद्यांचं काम अंगावर होतं, दुसऱ्या दिवशी जाऊन बसले आणि सरळ शिलाई मारत राहिले. कापड आलं, कापड गेलं. लोक म्हणायचे, किती खंबीर. खंबीर कसली, बधिर. सुई बोटात गेली तरी आधी रक्त दिसायचं, मग कळायचं.

भावजींचं जेवणखाण माझ्याकडे आलं. लोकांच्या भुवया वर गेल्या. मी एकीला तोंडावर सांगितलं, "बाई, मला या वयात लफडंच करायचं असतं तर जरा बरा माणूस बघितला असता." तिने पुन्हा विषय काढला नाही. मी रोज डबा घेऊन जायची, समोर बसून त्यांना जेवायला लावायची आणि यायची. बोलणं असं काही नव्हतं. मला त्यांचा राग होता आणि तो मी लपवायची नाही. एकदा जेवताना मी विचारलंच, "भावजी, साहेबांचा श्वास तुम्हाला मैदानाच्या त्या टोकावरून कळायचा. ताई तुमच्या हाताच्या अंतरावर झोपत होती."

ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "तिच्यासमोर माइक नव्हता."

मला वाटलं ताट उचलून त्यांच्या अंगावर फेकावं. फेकलं नाही. उठून पाणी आणलं. नंतर घरी जाताना लक्षात आलं की तो माणूस खोटं बोलला नव्हता, आणि मला आणखीच राग आला.

त्यांनी सगळं सामान विकून टाकलं होतं. हॅलो म्हणणंही सोडलं. गल्लीतली पोरं 'हॅलो आजोबा' म्हणून हाक मारायची, ते मान हलवायचे. साहेबही विसरल्यात जमा होते. वर्षातून एखाद्या वेळी वर्तमानपत्रात आतल्या पानावर फोटो, कुणाच्या तरी सत्काराला खुर्चीत बसलेले.

मग एका सकाळी साहेबांचे जुने सेक्रेटरी आले. बिचारे स्वतःच म्हातारे झाले होते, जिना चढून धापा टाकत होते. म्हणाले, पक्षाने नवीन सभागृह बांधलंय, उद्घाटनाला साहेबांनी बोलावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. साहेब तयार आहेत. एकच अट, मशीनवर हॅलो हवा.

"त्यांना म्हणावं, मी सोडलं," भावजी म्हणाले.

"त्यांनी निरोप दिलाय. शेवटचं भाषण आहे. पहिल्या वेळी लोक हसले होते, शेवटच्या वेळी हसायला नकोत." सेक्रेटरी हळूच म्हणाले, "खोकला फार वाढलाय. आमच्याशी बोलतात तेव्हाच बघवत नाही. पण कुणाला सांगू देत नाहीत. मुलीलासुद्धा नाही."

साहेबांच्या पत्नी कधीच गेल्या होत्या. मुलगी एकुलती एक, लांबच्या देशात. फोनवर साहेब तिला रोज ठणठणीत आहे म्हणून सांगायचे.

भावजी बराच वेळ अंगठ्याचं नख बघत बसले. मग म्हणाले, "बरं."

सेक्रेटरी गेल्यावर मी म्हटलं, "जा. जन्मभर तेच केलंत, एकदा आणखी करा. माझ्या ताईला काय फरक पडतोय?" टोचावं म्हणूनच बोलले. ते म्हणाले, "तू पण चल." का, ते सांगितलं नाही. मी गेले.

सभागृह थंडगार, गुबगुबीत खुर्च्या, भिंतीभर पडदे. पडद्यांची शिलाई बघितली, कामचलाऊ होती. आवाजाचं मशीन सगळ्यात मागे, एका कठड्याआड. आता गोल बटणं राहिली नव्हती, वरखाली सरकणाऱ्या पट्ट्यांच्या रांगाच्या रांगा. मशीनवाला चाळिशीचा गृहस्थ होता, नीट वागला. त्याने एक पट्टी दाखवली, "ही साहेबांच्या माइकची. बाकी मी बघतो." भावजींनी अंगठा ठेवला, एकदा खाली, एकदा वर. हॅलो म्हणाले नाहीत.

कार्यक्रम सुरू व्हायच्या बेतात असताना एक बाई हातात लहान बॅग घेऊन आमच्याकडे आल्या. पन्नाशीच्या, प्रवासाने चुरगळलेले कपडे. "हॅलोकाका ना?" म्हणाल्या. साहेबांची मुलगी. विमानतळावरून थेट आल्या होत्या, बाबांना न सांगता. पुढे पुढाऱ्यांच्या रांगेत बसायचं नव्हतं त्यांना. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथे बसल्या.

"फोनवर आवाज थकलेला वाटत होता," त्या मला म्हणाल्या. "विचारलं की म्हणतात ठणठणीत. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघून यावं. परतीचं तिकीट उद्याचंच आहे, पण तब्येत ठीक नसेल तर राहीन म्हणते."

साहेब व्यासपीठावर आले. केवढेसे झाले होते. माइकपाशी उभे राहून त्यांनी मान वर केली आणि पार मागे, आमच्याकडे बघितलं. हॅलो दिसला. मग बोलायला लागले.

आवाज बारीक होता, पण तोच. थोड्या वेळाने मान खाली गेली, चष्मा निघाला. भावजींचा अंगठा खाली. सभागृह शांत. इतक्या लांबून काहीही कळत नव्हतं. अंगठा वर, साहेबांचं वाक्य आलं, टाळ्या पडल्या. पुन्हा चष्मा, पुन्हा अंगठा. ती शांतता पूर्वीपेक्षा बरीच लांब होती. माझ्या पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, अजूनही काय थांबतात." असं कितीतरी वेळा झालं.

मुलगी पुढे झुकून ऐकत होती. हळूहळू तिची पाठ खुर्चीला टेकली. चेहरा मोकळा झाला. ती भावजींकडे वाकून कुजबुजली, "काका, बाबांचा खोकला गेला की. लहानपणी रात्ररात्र खोकायचे. मी उगाच घाबरले. उद्या जाते मी, इथे राहून काय करू?"

भावजींनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचे ते डोळे मी आधी एकदाच बघितले होते, स्वयंपाकघराच्या दारात.

समोर साहेबांनी श्वास घेतला. मला काही ऐकू आलं नाही, मला कसं येणार? पण भावजींच्या कानाची पाळ हलली, आणि मला कळलं. त्यांनी पट्टीवरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला. दुसऱ्या हाताने तो अंगठा मुठीत धरला.

खोकला सगळ्या सभागृहात भरला. चांगल्या यंत्रांतून आला, त्यामुळे सगळं ऐकू आलं. छातीतली घरघर, मध्ये श्वासासाठी होणारी ओढाताण, ओलं काहीतरी. संपेल असं वाटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचा. मशीनवाला घाईने हात पुढे करायला लागला, भावजींनी कोपर आडवं घातलं. "राहू दे," म्हणाले.

कुणीही हसलं नाही. साहेबांनी रुमालामागून मान वर केली आणि मागे बघितलं. वाट बघत होते. आवाज बंद झालेला नाही, हे त्यांना कळत होतं आणि पटत नव्हतं. पुन्हा उबळ आली आणि त्यांनी टेबल धरलं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती. मुलगी मधल्या वाटेने चालत होती, मग धावायला लागली. पायऱ्या चढून तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते दचकले, मग तिला ओळखून काहीतरी बोलले. माइक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं. साहेब म्हणाले, "तू कशाला आलीस? मी ठणठणीत आहे."

भाषण तिथेच राहिलं.

मुलगी परत गेली नाही. साहेब पावसाळ्यापर्यंत होते, आणि ती शेवटपर्यंत त्यांच्यापाशी होती. भावजी एकदा बंगल्यावर गेले होते. फाटकावरच्या माणसाने आत फोन केला आणि परत येऊन सांगितलं, साहेब भेटणार नाहीत. तसं स्वतः साहेबांनीच सांगितलं होतं. भावजी "बरं" म्हणाले आणि चालत घरी आले. मला सांगताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांचं वाईट झालं तर मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

साहेब गेले तेव्हा रेडिओने दिवसभर त्यांची जुनी भाषणं लावली. मी डबा घेऊन गेले होते. भावजी खुर्चीत, डोळे मिटलेले. भाषणात मध्येच शांतता आली की ते पुटपुटायचे, "खोकला." पुन्हा शांतता. "खोकला." एकदा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हा नाही. इथे खरंच विचार करत होते." मी भाजी वाढली.

ताट ठेवून मी माझा चहा घ्यायला आत गेले. घोट चुकीच्या वाटेने गेला आणि मला ठसका लागला. नेहमीच्या सवयीने मी नळाकडे हात नेला. त्या घरात आम्हा दोघी बहिणींचे हात तिकडेच जायचे.

"नळ सोडू नकोस," बाहेरून आवाज आला.

मी थांबले. ते दारात आले होते. पायांत चपला होत्या, घाईत उलटसुलट पायांत अडकवलेल्या.

"कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"अहो भावजी, ठसका आहे. चहा अडकला."

"चल."

"कुठे चल? जेवण वाढलंय तुमचं."

"डॉक्टरकडे चल," ते म्हणाले. "मला ऐकून कळत नाही."

मी त्यांना चार गोष्टी सुनावणार होते. त्याऐवजी गॅस बंद केला, हात पुसले. मला काहीही झालं नव्हतं आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं. मी चपला घातल्या, कुलूप लावलं, आणि आम्ही जिना उतरायला लागलो. ते माझ्या मागे होते, आणि मध्येच थांबून माझा श्वास ऐकत होते. मी मुद्दाम मोठ्याने घेत राहिले.